छातीतली धडधड आणि तालुक्याचा दवाखाना

मराठी भाषेने हृदयाची आणि भीतीची सांगड फार घट्ट घातली आहे. काळजात धस्स होते, काळजाचा ठोका चुकतो, ऊर धपापतो, जीव घाबराघुबरा होतो, छाती धडधडते. या साऱ्या शब्दप्रयोगांत वर्णन असते हृदयाच्या हालचालीचे, पण ऐकणारा अर्थ घेतो तो मनाच्या अवस्थेचा. साहित्यात या सवयीने काही बिघडत नाही. परंतु खरोखरच छातीत धडधड होत असलेला माणूस आपले दुखणे याच शब्दांत सांगू लागला म्हणजे समोरचा त्याला धीर देऊ लागतो. त्याची नाडी पाहण्याचे कुणाला सुचत नाही.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या बाबतीत आम्ही सर्वांनी नेमके हेच केले. वय सत्तरीच्या आसपास, चळवळीत उभे आयुष्य गेलेले, दौऱ्यात मिळेल ते खावे आणि मिळेल तिथे पाठ टेकावी अशी राहणी. दीड-दोन वर्षे ते अधूनमधून सांगत असत की छातीत पाखरू फडफडल्यासारखे होते. एका तालुका बैठकीत ते बोलता बोलता थांबले, छातीवर हात ठेवून खाली बसले आणि मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "काही नाही सर, पित्त खवळलंय. दोन घोट पाणी द्या." आम्ही पाणी दिले, चहा कमी करा असे बजावले, आणि बैठकीचे कामकाज पुढे सुरू झाले. त्यानंतर चार महिन्यांनी एका पहाटे त्यांची वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. इस्पितळात हृदयाचा आलेख काढल्यावर जो दोष दिसला, तो त्या फडफडीच्या वेळी मनगटावर तीन बोटे ठेवून कुणीही ओळखला असता. त्या बैठकीत आम्ही निदान पंचवीस सुशिक्षित माणसे हजर होतो.

मी अर्थशास्त्राचा अध्यापक. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तथापि केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेला वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावरील निबंध मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवला आहे. वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी का नाही, याचे उत्तर ॲरोने अनिश्चिततेत शोधले. आपल्याला काय झाले आहे, उपचारांची गरज आहे की नाही, घेतलेल्या उपचारांचा उपयोग होईल की नाही, यांपैकी काहीच रुग्णाला ठाऊक नसते. आणि ज्याला ठाऊक असते त्याच्याकडूनच त्याला सल्ला विकत घ्यावा लागतो. छातीतली धडधड हे या अनिश्चिततेचे ठळक उदाहरण आहे. ती येते आणि जाते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बहुधा थांबलेली असते. बहुसंख्य वेळा ती निरुपद्रवी ठरते आणि क्वचित प्राणावर बेतते. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो ही अनिश्चितता तपासण्या करून विकत घेतो. ज्याचा एका दिवसाचा खाडा म्हणजे घरातल्या चुलीचा प्रश्न असतो तो ती अंगावर काढतो.

प्रथम निरुपद्रवी प्रकाराविषयी. आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते आणि एरवी त्यांतील एकाचीही आपल्याला जाणीव नसते. मधूनच एखादा ठोका आपल्या वेळेआधी पडतो. मग क्षणभर विराम, आणि त्यानंतरचा ठोका नेहमीपेक्षा जोराचा. ‘ठोका चुकला’ असे आपण म्हणतो ते यालाच. वास्तविक तो चुकलेला नसतो, घाईने आलेला असतो. तीन वर्षांपूर्वी मला स्वतःला हा त्रास सुरू झाला. रात्री डाव्या कुशीवर निजले की छातीत कुणी आतून टिचकी मारावी तसे होई. एका आठवड्यात हृदयाचा आलेख, रक्ताच्या तपासण्या, हृदयाची सोनोग्राफी असे सर्व पार पडले आणि डॉक्टरांनी हसून सांगितले की हृदय निरोगी आहे, झोप पुरेशी घ्या. निवृत्तिवेतन असलेल्या माणसाची अनिश्चितता अशी आठवड्याभरात संपते.

ताप, अशक्तपणा, जागरण, घाबरटपणा, तंबाखू, विडी, मिसरी, मद्य यांनीही नाडी वाढते. चहा आपण सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. रोजच्या दोन-तीन कपांनी बहुतेकांचे काही बिघडत नाही, पण उपाशीपोटी दिवसभर चहावर राहणाऱ्याने आपल्या अंगावर त्याचा काय परिणाम होतो ते पाहावे. दम्याचा फवारा, सर्दीच्या काही गोळ्या, थायरॉइडच्या औषधाची जादा मात्रा यांनी धडधड होते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आपण होऊन जास्त काम करू लागली तरी होते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याला घाम, थरथर आणि धडधड एकदम सुरू झाली तर रक्तातील साखर उतरली असण्याचा संभव असतो. त्याने लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाकावा, मग बाकीचा विचार करावा.

आता ज्याला धडधड होते त्याने काय पाहावे? मनगटाच्या आतल्या बाजूस, अंगठ्याच्या मुळाखाली, तीन बोटे ठेवून घड्याळाच्या पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी साधारणतः ६० ते १०० च्या दरम्यान असते. आकड्याइतकाच ताल महत्त्वाचा. नाडी वेगाने पण एकसारखी चालते, मधूनच एखादा ठोका गळतो, की तिला कसलाच ताल नाही, हे साध्या बोटांना कळते. धडधड हळूहळू चढली आणि हळूहळू उतरली, की बटण दाबल्यासारखी एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबली, तेही ध्यानात ठेवावे. एकाएकी सुरू होणारी धडधड बहुधा हृदयातील विद्युत्प्रवाहाच्या आडवाटेमुळे असते आणि तिच्यावर खात्रीचे उपचार आहेत. किती वेळ टिकली, त्या वेळी काय करत होतो, सोबत आणखी काय झाले, हे कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांना दाखवावा. विल्लेम आइंथोव्हेन या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाचा विद्युत्‌आलेख घेणारे यंत्र सिद्ध केले आणि १९२४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आज ते यंत्र पिशवीत मावते. परंतु त्याचा खरा उपयोग धडधड चालू असताना होतो. ती थांबल्यावर काढलेला आलेख निर्दोष निघाला म्हणून कुणाची चौकशी तिथेच थांबवू नये; चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ ठोके नोंदवणारे यंत्र अंगावर लावण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी तरी आता बहुधा असते. धडधडीच्या वेळी सापडलेला आलेख मात्र जमिनीच्या सात-बाऱ्यासारखा जपून ठेवावा.

थांबू नये अशा प्रसंगांविषयी मात्र मोघम बोलून चालणार नाही. धडधडीसोबत भोवळ येऊन माणूस कोसळला किंवा त्याची शुद्ध हरपली, छातीत दुखू वा आवळू लागले, बसल्या जागी धाप लागली, अंगाला दरदरून घाम सुटून तो पांढराफटक पडला, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये आणि त्याला स्कूटर चालवत दवाखान्यात जाऊ देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वस्थ बसलेले असताना नाडी १२० च्या वर जाऊन पाच-दहा मिनिटांच्या विश्रांतीनेही उतरत नसेल, तरी त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठावा. ज्याला पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्याच्या हृदयाची झडप बिघडलेली आहे त्याची धडधड किरकोळ समजू नये. धावताना, ओझे उचलताना, खेळताना शुद्ध हरपली, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलेले आहे, तर तो तरुण कितीही धडधाकट दिसो, त्याची संपूर्ण तपासणी होईपर्यंत त्याला मैदानात वा हमालीवर पाठवू नये. आणि धडधडीच्या मागोमाग तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी गेली असे समजून मिनिटे मोजावीत. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आमच्या सहकाऱ्याच्या घरच्यांनी त्या पहाटे तेल चोळले. त्यांना कुणी कधी काही सांगितलेच नव्हते, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

त्यांच्या हृदयात जे घडत होते त्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साचते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे जाते. नाडीला कसलाच ताल राहत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीने १९९१ साली दाखवून दिले की या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी योग्य मात्रेत चालू ठेवली तर तो धोका सुमारे दोनतृतीयांशाने कमी होतो. ॲस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ म्हणून ॲस्पिरिन घेऊन निर्धास्त झालेली माणसे मी पाहिली आहेत. वॉरफरिन ही जुनी गोळी स्वस्त आहे, पण तिच्यासाठी रक्ताची विशिष्ट तपासणी वारंवार करावी लागते आणि ती सोय दूरच्या गावांत नसते. नव्या गोळ्यांना तशा तपासणीची आवश्यकता नाही. इथे गरिबाची एक विशेष अडचण आहे. लहानपणी घसा दुखून येणाऱ्या संधिवाताच्या तापाने ज्यांची डावी झडप अरुंद झाली आहे, त्यांना या नव्या गोळ्या चालत नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा रुग्णांना जुनी गोळीच अधिक तारक ठरली. म्हणजे ज्या रोगाचे मूळ दाटीवाटीच्या वस्तीत आणि वेळेवर न मिळालेल्या पेनिसिलिनमध्ये आहे, त्या रोगाच्या रुग्णालाच नियमित तपासणीची गरज सर्वाधिक आणि ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी. तरुण स्त्री गरोदरपणी धाप आणि धडधड यांची तक्रार करू लागली म्हणजे हा झडपेचा विकार प्रथम उघडकीस येतो, असेही पुष्कळदा घडते.

स्त्रियांचा उल्लेख आला आहे तर तो प्रश्न सोडून पुढे जाणे बरे नव्हे. आमच्या वसाहतीत तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या एक बाई जिना चढताना दर मजल्यावर थांबू लागल्या. "जीव घाबरा होतो हो काका," एवढेच त्या सांगत. एका घराने त्यांना काळजी करू नका म्हणून समजावले, दुसऱ्याने नवऱ्याच्या दारूशी संबंध जोडला, एका खाजगी दवाखान्याने झोपेची गोळी लिहून दिली. अखेर कुणीतरी त्यांचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ६.८ निघाले. रक्त इतके पातळ झाल्यावर शरीराला प्राणवायू पुरवण्यासाठी हृदयाला दुप्पट धावावेच लागते. तेव्हा ती धडधड म्हणजे हृदयाने इमानेइतबारे केलेले कामच होते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. अर्ध्याहून अधिक स्त्रियांची ही अवस्था असलेल्या राज्यात स्त्रीच्या धडधडीवर पहिला उपाय म्हणून झोपेची गोळी निघावी, यास अज्ञान म्हणणे सौम्य होईल.

हा दोष आपल्याच देशातला आहे असेही नाही. १९९७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाएकी सुरू होणाऱ्या वेगवान ठोक्यांचा विकार ज्यांच्यात सिद्ध झालेला होता अशा १०७ रुग्णांचा पूर्वेतिहास त्यात तपासला होता. पहिल्या वैद्यकीय तपासणीत त्यांतील ५९ जणांचा विकार ओळखलाच गेला नव्हता, आणि त्या ५९ पैकी ३२ जणांना हा घाबरटपणाचा वा मानसिक ताणाचा प्रकार आहे असे सांगण्यात आले होते. असे सांगितले जाण्याचा संभव पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत अधिक होता. मनाच्या अस्वास्थ्याने धडधड होते हे खरे आहे. १९९६ च्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात धडधडीसाठी आलेल्या १९० रुग्णांपैकी ३१ टक्क्यांत मूळ मानसिक निघाले आणि ४३ टक्क्यांत हृदयाचे. पण हे मूळ ठरवायचे ते तपासणीनंतर. तपासणी टाळण्याची सबब म्हणून ते पुढे करता येणार नाही. वरच्या वेगवान ठोक्यांच्या विकारावर तर बिनखर्ची म्हणता येईल असा एक उपाय आहे. रुग्णाला रिकाम्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद जोराने फुंकर घालायला लावायची आणि लगेच आडवे करून त्याचे पाय वर उचलून धरायचे. २०१५ साली इंग्लंडमधील इस्पितळांत घेतलेल्या चाचणीत या रीतीने शंभरांतील ४३ जणांचे ठोके ताळ्यावर आले. नुसते बसवून फुंकर घालायला लावली तेव्हा १७ जणांचे. अर्थात निदान झाल्यावर आणि डॉक्टरांनी शिकवल्यावरच हे करावे. मानेवरची नस चोळण्याचे प्रयोग घरी कुणी करू नयेत.

आपल्या कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट निराळी सांगणे भाग आहे, कारण ती आपल्या कार्यपद्धतीशी निगडित आहे. आपण उपोषणे करतो. मे महिन्यात मोर्चे काढतो. उन्हातान्हात घामावाटे पाणी आणि क्षार निघून गेले, त्यात जुलाब किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी यांची भर पडली, की रक्तातील पोटॅशियम उतरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. उपोषणकर्त्याने धडधडीची तक्रार केली तर तिला निर्धाराची कसोटी समजू नये. मंडपातल्या डॉक्टरला त्याच क्षणी बोलवावे आणि रक्त तपासावे. उपोषण सोडतानाचा धोका तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. पाच दिवसांहून अधिक काळ जवळपास अन्न न घेतलेल्या माणसाला एकदम भरपूर गोड वा पिष्टमय अन्न दिले तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदय दगा देऊ शकते. तेव्हा मोसंबीच्या रसाचा पेला पुढाऱ्याच्या हातून छायाचित्रापुरता घ्यावा, पण त्यानंतरचे काही दिवसांचे जेवण डॉक्टरच्या हिशेबाने, थोडे थोडे वाढवत द्यावे. मंडपाच्या आणि ध्वनिक्षेपकाच्या खर्चात एका डॉक्टरचा समावेश करणे आपल्या शाखांना जड जाऊ नये.

ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधील खाणकामगारांच्या गावी आयुष्यभर व्यवसाय केलेले समाजवादी विचारांचे डॉक्टर होते. १९७१ साली त्यांनी एक नियम मांडला: ज्या लोकसमूहाला वैद्यकीय सेवेची गरज अधिक, त्याला चांगली सेवा मिळण्याचे प्रमाण कमी, आणि आरोग्यसेवा जितकी बाजाराच्या हवाली असेल तितका हा व्यस्त नियम अधिक जोराने लागू पडतो. आज शहरातील सुखवस्तू तरुणाच्या मनगटावरचे घड्याळ त्याचे ठोके मोजते. अशा घड्याळाच्या एका अमेरिकी अभ्यासात ४,१९,२९७ माणसे सहभागी झाली होती आणि त्यांपैकी २,१६१ जणांना ठोके अनियमित असल्याची सूचना मिळाली. सहभागी झालेल्यांपैकी बहुसंख्य चाळिशीच्या आसपासचे वा त्याहून तरुण, म्हणजे ज्यांना हा विकार होण्याचा संभव मुळातच कमी असे. सत्तरीच्या शेतमजुराच्या मनगटावर मात्र बोटेही कुणी ठेवीत नाही. मला त्या घड्याळांविषयी आकस नाही. पण राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट आपल्या खिशातून भरला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, तेव्हा ही घट खरीच आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. तरीही पाचांतील दोन रुपये आजारी माणसाच्याच गाठीचे जातात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

माझी सूचना लहान आहे. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन गोष्टींची नोंद करावी: हृदयाचा आलेख काढणारे यंत्र चालू आहे काय आणि रात्री ते चालवणारा माणूस असतो काय, हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या खंड न पडता मिळतात काय, आणि वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला त्याच्या रक्ततपासणीसाठी किती किलोमीटर जावे लागते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले आहेत. तो निर्णय चांगला आहे, पण बंद यंत्रावरची तपासणी निःशुल्क असली काय आणि नसली काय. ही नोंद हाती आली म्हणजे रुग्ण कल्याण समितीत आणि जिल्हा परिषदेत काय मागायचे ते निराळे ठरवावे लागणार नाही.

आमचे सहकारी आता काठीच्या आधाराने चालतात. बोलणे पुष्कळसे परत आले आहे. सही डाव्या हाताने करतात. गेल्या महिन्यात भेटलो तेव्हा त्यांनी माझे मनगट पकडले आणि घड्याळाकडे पाहत मिनिटभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, अठ्ठ्याहत्तर. सरळ आहे." अलीकडे ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची नाडी अशीच मोजतात, आणि आतापर्यंत दोघांना त्यांनी दवाखान्यात पाठवले आहे.